बुबुळाच्या कडेवरचे बियाणे

डोळ्यात चुना गेल्यामुळे दृष्टी गेलेल्या माणसाला नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवला, शस्त्रक्रिया नीट पार पडली, पट्टी काढल्यावर बुबुळ काचेसारखे स्वच्छ दिसले, आणि तरीही काही महिन्यांतच ते पुन्हा गढूळ होऊन त्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरले, असा अनुभव नेत्रशल्यविशारदांना अनेक दशके येत होता. दात्याचा कॉर्निया निर्दोष होता, टाके चोख होते, आणि हीच शस्त्रक्रिया अन्य कारणांनी बुबुळ खराब झालेल्या रुग्णांत उत्तम यशस्वी होत होती. या कोड्याचे उत्तर मिळाले तेव्हा असे लक्षात आले की डॉक्टर बुबुळ बदलत होते, पण त्या बुबुळाला आयुष्यभर नव्या पेशी पुरवणारी त्याची कड चुन्याने आधीच जाळून टाकलेली होती. प्रयोगशाळेत मूळपेशी वाढवून डोळा दुरुस्त करण्याच्या तंत्राचा उगम या कडेच्या शोधात आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. बोलताना आपण डोळ्याच्या सगळ्याच काळ्या भागाला बुबुळ म्हणतो. प्रत्यक्षात त्या काळ्या किंवा तपकिरी पडद्याच्या पुढे, घड्याळावरच्या काचेसारखा, एक पारदर्शक घुमट असतो. तो कॉर्निया. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर असते, आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. रक्तवाहिन्या आल्या की पारदर्शकता गेली, इतका हा हिशेब सरळ आहे. या घुमटावर पेशींचा पाच ते सात पदरांचा एक पातळ थर असतो. पापण्यांची उघडझाप, धूळ आणि वारा यांमुळे तो सतत झिजतो आणि सुमारे आठवड्या-दहा दिवसांत जवळजवळ पूर्णपणे नवा होतो.

या नव्या पेशी येतात कुठून? कॉर्नियाच्या मधल्या भागातच त्या तयार होत असतील, असा पूर्वी समज होता. 1971 मध्ये नॉर्वेच्या दोन संशोधकांनी असे निरीक्षण नोंदवले की जखम भरत असताना रंगद्रव्य असलेल्या पेशी काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरून मध्याकडे सरकतात, आणि त्यावरून पेशींचा पुरवठा या सीमेवरून होत असावा असा तर्क मांडला. या सीमेला लिंबस म्हणतात. 1986 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात असे दिसले की कॉर्नियाच्या पक्व पेशींची ओळख सांगणारे एक केराटिन प्रथिन लिंबसच्या तळाच्या पेशींत नसते, म्हणजेच त्या पेशी अजून ‘मोठ्या’ झालेल्या नसतात. 1989 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून याच जागी अत्यंत संथपणे विभागणाऱ्या पेशी सापडल्या. संथ विभाजन ही मूळपेशींची, म्हणजे ज्यांना आपण सर्रास स्टेम सेल म्हणतो त्यांची, खूण मानली जाते. मूळपेशी विभागली की तिच्यापासून निघालेल्या पेशींपैकी काही कामाला लागतात, झिजतात, गळून पडतात, आणि काही मूळपेशीच राहतात. म्हणजे पीकही निघते आणि पुढच्या हंगामाचे बियाणेही घरात राहते.

लिंबसचे काम मात्र केवळ बियाणे पुरवण्याचे नाही. शेताच्या बांधासारखे ते शेजाऱ्यालाही अडवून धरते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जे पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले आवरण असते, ते संधी मिळताच आत घुसायला टपलेले असते. बांध फुटला की रानात हरळी शिरावी तसे हे आवरण कॉर्नियावर चढते, सोबत रक्तवाहिन्या आणते, आणि रक्तवाहिन्यांतून शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी परक्या कॉर्नियापर्यंत पोहोचतात. सुरुवातीच्या कोड्याचा उलगडा येथे होतो. नेत्रदानातून बसवली जाते ती बहुधा कॉर्नियाची मधली, सात-आठ मिलिमीटरची चकती असते, आणि तिच्यासोबत कड येत नाही. दात्याच्या पेशींचा वरचा थर झिजला की त्याची जागा घ्यायला कोणीच उरत नाही.

येथे इतिहासातील एक योगायोग नोंदवावासा वाटतो. माणसातील पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण 7 डिसेंबर 1905 रोजी, आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी केले. त्यांचा रुग्ण चुन्यानेच अंध झालेला एक मजूर होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर प्रत्यारोपण झाले, पैकी एक फसले आणि दुसरे टिकले. त्या टिकलेल्या डोळ्याची कड चुन्यातून काही प्रमाणात वाचली असावी, असा अंदाज आज करता येतो. झिर्म यांच्या काळात तो करणे कोणालाही शक्य नव्हते.

कडेचे महत्त्व कळल्यावर उपायही ओघाने सुचला. एक डोळा जळाला असेल आणि दुसरा धडधाकट असेल, तर धडक्या डोळ्याची थोडी कड काढून जळालेल्या डोळ्यावर लावावी. 1989 मध्ये केन्यन आणि त्सेंग या अमेरिकेतील शल्यविशारदांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. नेत्रतज्ज्ञ लिंबसचे माप घड्याळाच्या तासांत सांगतात. पूर्ण वर्तुळ म्हणजे बारा तास, आणि त्यातले किती तास जळाले यावर इजेची तीव्रता ठरते. नव्या पद्धतीत चांगल्या डोळ्यातून चार ते सहा तासांइतकी कड घ्यावी लागे. ज्याला एकच डोळा उरला आहे, त्या माणसाला ‘या डोळ्याची तिसरा हिस्सा ते निम्मी कड काढून घेतो’ असे सांगणे डॉक्टरांनाही जड जात असणार. त्या चांगल्या डोळ्याचेच बियाणे संपले तर काय, ही भीती निराधार नव्हती.

प्रयोगशाळेचा प्रवेश या भीतीवर उतारा म्हणून झाला, आणि त्यासाठी लागणारे तंत्र डोळ्याबाहेरच, त्वचेच्या संशोधनात, तयार झाले होते. 1975 मध्ये जेम्स राइनवॉल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याची रीत शोधली. उंदराच्या पेशींचा एक थर किरणोत्साराने असा निष्क्रिय करायचा की त्या स्वतः विभागणार नाहीत, पण जिवंत राहून पोषक द्रव्ये पुरवत राहतील, आणि त्या थरावर माणसाच्या पेशी पेरायच्या. 1983 मध्ये भीषण भाजलेल्या दोन लहान भावांना अशा रीतीने वाढवलेल्या त्वचेने वाचवले गेले. पुढे इटलीतील ग्रात्सिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी हीच रीत डोळ्याच्या कडेला लावली. त्यांनी एक-दोन चौरस मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून फार मोठा नसलेला, तुकडा चांगल्या डोळ्यातून घेतला, विकराच्या साहाय्याने त्यातील पेशी सुट्या केल्या, वाढवल्या, आणि त्यांचा एक अखंड पापुद्रा तयार करून तो जळालेल्या डोळ्यावर लावला. 1997 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे दोन रुग्ण होते. भाताची लावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटू नये. आधी छोट्या तुकड्यात रोप तयार करायचे आणि मग खाचरात लावायचे, हेच तत्त्व येथे आहे. फरक इतकाच की येथील रोपवाटिका निर्जंतुक खोलीत असते आणि खाचर डोळ्यात असते.

मात्र रोपे उगवली म्हणून पीक येतेच असे नाही, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वात महत्त्वाचा धडा येथे आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या लाखो पेशींपैकी खऱ्या मूळपेशी फारच थोड्या असतात. बाकीच्या काही वेळा विभागून थांबणाऱ्या असतात. सूक्ष्मदर्शकातून पापुद्रा देखणा दिसतो, डोळ्यावर लावल्यावर महिनाभर चांगला राहतो, आणि मग विरून जातो. 2010 मध्ये इटलीच्या याच गटाने 112 रुग्णांचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले. एकूण यश 76.6 टक्के होते. पण त्यांनी प्रत्येक पापुद्र्यात पी-63 नावाचे प्रथिन ठळकपणे दाखवणाऱ्या पेशींचे प्रमाणही मोजले होते, कारण हे प्रथिन मूळपेशींची खूण म्हणून वापरता येते. ज्यांच्या पापुद्र्यात अशा पेशी 3 टक्क्यांहून जास्त होत्या त्यांच्यात 78 टक्के यश मिळाले. ज्यांच्यात त्या 3 टक्के किंवा त्याहून कमी होत्या त्यांच्यात यश अवघे 11 टक्के होते. म्हणजे उपचार ठरतो तो पेशी किती वाढल्या यावर नव्हे, तर वाढवताना बियाणे किती शाबूत राहिले यावर. यापुढे कोणी ‘आम्ही इतके कोटी स्टेम सेल देतो’ अशी जाहिरात करील, तेव्हा हा आकडा आठवावा.

येथे ‘यश’ या शब्दाचाही अर्थ नीट समजून घ्यायला हवा. यश म्हणजे कॉर्नियाचा पृष्ठभाग पारदर्शक पेशींनी झाकला गेला, टिकला, दुखणे आणि पाणी गळणे थांबले, रक्तवाहिन्या मागे हटल्या. दृष्टी परत आलीच असे त्यातून निघत नाही. चुन्याने कॉर्नियाचा आतला जाड थरही पांढरा केला असेल, तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया नंतर बसवावाच लागतो. तो आता टिकतो, कारण त्याला पेशी पुरवणारी कड पुन्हा तयार झालेली असते. मूळपेशींच्या उपचारामुळे नेत्रदानाची गरज संपेल, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये.

फेब्रुवारी 2015 मध्ये युरोपीय संघाने ‘होलोक्लार’ या नावाने या उपचाराला मान्यता दिली. मूळपेशी असलेले युरोपातील ते पहिले मान्यताप्राप्त औषध. इटलीतील मोदेना येथे तयार होणाऱ्या या औषधाची मुदत 36 तासांची असते, म्हणजे प्रयोगशाळेतून निघालेला पापुद्रा दीड दिवसात रुग्णाच्या डोळ्यावर पोहोचला पाहिजे. एकेका रुग्णासाठी वेगळा घाणा, निर्जंतुक खोल्या, तपासण्या आणि वेळेशी शर्यत, हे सगळे लक्षात घेतले की असा उपचार स्वस्त का होऊ शकत नाही ते वेगळे सांगावे लागत नाही. आणि डोळ्यात चुना, आम्ल किंवा कारखान्यातील रसायन जाऊन अंध होणारी माणसे बहुधा हातावर पोट असणारीच असतात.

भारतातील काम ज्या वाटेने गेले ती म्हणूनच मला अधिक मोलाची वाटते. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था 1987 मध्ये सुरू झाली. ज्यांचे नाव तिला आहे ते चित्रपट दिग्दर्शक आणि निर्माते होते. या संस्थेत वीरेंद्र सांगवान, गीता वेमुगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 पासून लिंबसच्या पेशी वाढवून लावण्यास सुरुवात केली. त्यांनी उंदराच्या पेशींचा थर वगळला. प्रसूतीनंतर वारेबरोबर बाहेर येणारे गर्भजलाच्या पिशवीचे पातळ आवरण स्वच्छ करून त्यांनी ते जमीन म्हणून वापरले, आणि खत म्हणून रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील द्रव वापरला. त्या आवरणावर ठेवलेल्या लिंबसच्या कणांपासून दहा ते चौदा दिवसांत पेशींचा थर तयार होई. कोणत्याही प्राण्याचा अंश नसलेल्या या पद्धतीने उपचार केलेल्या 200 रुग्णांचा दहा वर्षांचा आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यशाचे प्रमाण 71 टक्के होते.

त्यांचा पुढचा विचार धाडसाचा होता. पेशींना वाढायला उबदार, ओलसर, पोषण असलेली आणि जंतूंपासून जपलेली जागा लागते, आणि डोळा स्वतःच तशी जागा आहे, मग प्रयोगशाळा मध्ये कशाला? भाताला रोपवाटिका लागते, पण उसाचे बेणे आपण थेट सरीत दाबतोच की. 2012 मध्ये सांगवान, सायन बसू आणि सहकाऱ्यांनी ही नवी रीत सहा रुग्णांच्या अनुभवासह मांडली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्लेट’ म्हणतात. चांगल्या डोळ्यातून सुमारे दोन मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा घ्यायचा, म्हणजे घड्याळाचा जेमतेम एक तास. जळालेल्या डोळ्यावर चढलेले आवरण सोलून काढायचे, त्या जागी गर्भजलाच्या पिशवीचे आवरण फायब्रिन या जैविक डिंकाने चिकटवायचे, त्या तुकड्याचे आठ-दहा बारीक कण करून ते कॉर्नियावर विखरून बसवायचे आणि वर मऊ काँटॅक्ट लेन्स ठेवायची. प्रत्येक कणातून पेशी चहूबाजूंनी पसरतात आणि एकमेकींना भेटून थर पूर्ण करतात. सगळे एकाच दिवशी, एकाच शस्त्रक्रियेत होते. 2016 मध्ये 125 रुग्णांचे निष्कर्ष आले, त्यांत 60 मुले होती, आणि यशाचे प्रमाण 76 टक्के होते. म्हणजे खर्चिक प्रयोगशाळा वगळूनही यशाचा आकडा इटलीच्या जवळच राहिला. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण, पाठपुराव्याचा काळ आणि मोजण्याची रीत वेगवेगळी असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे, पण साधा शल्यकक्ष असलेल्या रुग्णालयाला हा उपचार आवाक्यात आला, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही.

मग प्रयोगशाळेचे काम संपले का? नाही. दोन्ही डोळे गेलेल्या माणसाकडे बियाणे आणायचे कोठून, हा प्रश्न उरतोच. औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेतून होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन आजारात बहुधा दोन्ही डोळे सापडतात. दुसऱ्या माणसाची कड लावली तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. यावर जपानमध्ये दोन उत्तरे शोधली गेली. पहिले उत्तर असे की गालाच्या आतल्या त्वचेतील पेशी वाढवून त्यांचा पापुद्रा डोळ्यावर लावायचा. 2004 मध्ये कोजी निशिदा यांच्या गटाने चार रुग्णांवर हे केले. त्यांनी वापरलेली बशी ऊब कमी होताच पेशी आपोआप सोडून देते, त्यामुळे पापुद्रा न फाटता उचलता येतो. या पेशी कॉर्नियाइतक्या पारदर्शक नसतात आणि काही काळाने त्यांच्याभोवती रक्तवाहिन्या येऊ शकतात, पण कायमच्या अंधारापेक्षा ते कितीतरी बरे.

दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशींना, त्यांच्यात चार जनुके घालून, पुन्हा गर्भातल्यासारख्या सर्वक्षम अवस्थेत नेऊन दाखवले. 2012 चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. या आयपीएस पेशींपासून शरीरातील कोणतीही पेशी घडवता येते. 2016 मध्ये निशिदा यांच्या ओसाका विद्यापीठातील गटाने दाखवले की योग्य परिस्थितीत या पेशी बशीत आपोआप चार वर्तुळांत मांडल्या जातात, जणू सपाट पसरलेला डोळाच, आणि त्यातील तिसऱ्या वर्तुळातून कॉर्नियाच्या वरच्या थराच्या पेशी वेगळ्या काढता येतात. जुलै 2019 मध्ये असा पापुद्रा पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यावर लावला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये चार रुग्णांचे दोन वर्षांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. चौघांचीही दृष्टी सुरुवातीला सुधारली, पण एकाची सुधारणा वर्षानंतर टिकली नाही. अशा पेशींतून गाठ निर्माण होण्याची जी मोठी भीती असते, ती मात्र कोणातही खरी ठरली नाही. चार ही संख्या लहान आहे, याचा विसर बातम्यांच्या मथळ्यांना पडतो, वाचकांना पडू नये.

डोळ्याच्या मागच्या बाजूची, म्हणजे दृष्टिपटलाची, गोष्ट वेगळी आणि अधिक अवघड आहे. सप्टेंबर 2014 मध्ये जपानच्या कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने दृष्टिपटलाच्या मध्याचा ऱ्हास झालेल्या सत्तरीतील एका महिलेच्या डोळ्यात, तिच्याच त्वचेपासून केलेल्या आयपीएस पेशींचा थर बसवला. आयपीएस पेशींचा माणसावरील तो पहिला उपयोग. दृष्टी वाढली नाही, पण तिची घसरण थांबली. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळल्यावर त्यांनी पुढची शस्त्रक्रिया केली नाही, आणि हा निर्णय मला पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा वाटतो. या क्षेत्रातील बहुतेक काम अजून चाचणीच्या टप्प्यात आहे.

असा संयम सगळीकडे नसतो. 2017 मध्ये अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील तीन महिलांची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दृष्टिपटलाच्या ऱ्हासावर उपाय म्हणून एका खासगी केंद्राने त्यांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित मूळपेशी दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, टोचल्या. त्यासाठी प्रत्येकीकडून 5000 डॉलर घेतले होते. आठवड्याच्या आत त्यांच्या डोळ्यांत रक्तस्राव झाला, दृष्टिपटल सुटले, आणि उपचाराआधी दिसत होते तेवढेही दिसेनासे झाले. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, आणि नव्या उपचारासाठी दोन्ही डोळे एकदम पणाला लावले जात नाहीत. चरबीतील पेशीला कॉर्नियाचे किंवा दृष्टिपटलाचे काम शिकवलेले नसते. ती डोळ्यात टोचल्याने ते शिकतही नाही. भारतात मूळपेशींच्या नावाने जाहिरात करणाऱ्या दवाखान्यात कोणाला न्यायचे झाल्यास, चाचणी भारताच्या शासकीय नोंदवहीत नोंदलेली आहे का आणि पैसे का मागितले जात आहेत, एवढे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. फ्लॉरिडाच्या प्रकरणाला मात्र नोंदवहीतील नोंदीचाही आधार होता, म्हणून पैशाचा प्रश्न कधीही सोडू नये.

आता पुन्हा चुन्याकडे. पान-तंबाखूच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी किंवा नळी घराघरांत पडलेली असते, लहान मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी अशा इजांविषयी वारंवार लिहिले आहे. आम्लाने प्रथिने गोठतात आणि गोठलेला थरच आम्लाला पुढे जाण्यापासून थोडेफार अडवतो. चुना अल्कधर्मी असल्यामुळे पेशींच्या आवरणातील स्निग्धांशाचा साबण करतो आणि खोल उतरत राहतो. शिवाय त्याचे कण पापणीखाली अडकून तासन्‌तास विरघळत राहतात. म्हणून डोळ्यात चुना गेल्यास डॉक्टरांकडे निघण्याआधी, आहे त्या जागी, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला सुरुवात करावी. दूध, तूप किंवा लिंबू शोधण्यात वेळ घालवू नये. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात, मूल रडले तरी किमान अर्धा तास पाण्याची धार चालू ठेवावी, आणि पापणी उलटून अडकलेले कण काढून घेण्यासाठी लगेच नेत्ररुग्णालय गाठावे. तेथे डॉक्टर डोळ्यात रंगाचा थेंब टाकतील, निळ्या प्रकाशात कड पाहतील आणि कागदावर लिंबसचे किती तास जळाले ते लिहितील. तो आकडा तीन असेल की अकरा, हे बरेचसे घरातल्या नळाखाली ठरलेले असते.